बारशाआधी घर पाडू नका

बेघरांसाठी पत्रकं काढणाऱ्यानं कुणाचं घर घासून काढावं का? एरंडोलजवळच्या पायऱ्यांच्या विहिरीत मी श्रमदानाला ब्रश घेऊन उतरलो, तर तिसऱ्या पायरीवरच्या शेवाळावर छत्री धरून एक अनोळखी बाई बसलेल्या.

"अक्का, उठा. गाव स्वच्छ करायचंय."

"इथं नवा अमिबा सापडलाय. अजून दुसरीकडं कुठंच नाही. वाळूचे कण जोडून घर बांधतो. त्याचं वर्णन लिहायचंय, नाव ठेवायचंय."

"मग घरकुल मंजूर करा त्याला!"

बाई हसून अहिराणीवर आल्या, "त्यानं सोताच बांधेल शे. बारसं व्हवाना पहिले घर पाडतस का, भाऊ?"

मी ब्रश खाली ठेवला. माझं नवं पत्रक एवढंच: विहीर घासायला जरूर या, फक्त तिसरी पायरी सोडा.