मायाप्पाचं खच्चर

भाऊसो लष्करात ड्रायव्हर होते. लग्न ठरवताना धोंडुबाईच्या बापाला एवढंच सांगितलं गेलं, आणि पोरगी ट्रकातून हिंडणार म्हणून तो खूश झाला. पहिल्या सुट्टीत नवऱ्यानं फोटो दाखवला तेव्हा तिला कळलं, की लष्करात खच्चर हाकणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. ट्रक नव्हता. बर्फ होता, दोरी होती, आणि दोरीच्या टोकाला लांब कानांचं एक तोंड.

“मेंढरं सुटली आन् खच्चर लागलं,” मेंढरांमागं वाढलेली ती म्हणाली होती. ते वाक्य घरात अजून चालतं.

आता पेन्शन घेऊन दोघं आटपाडीकडच्या माळावर आपल्या वस्तीवर असतात. शेळ्या सोडल्या की भाऊसो लिंबाखाली खाट टाकतात आणि मांडीवर टॅब घेतात. फलटणच्या कारखान्यात असलेल्या अमृतनं, त्यांच्या मुलानं, तो दिलाय. साताऱ्यातली एक संस्था पहिल्या महायुद्धातली हातानं लिहिलेली लष्करी रजिस्टरं उतरवून घेते. पानाचा फोटो येतो, तो वाचून ओळीखाली ओळ टाइप करायची. कुणाला पैसे मिळत नाहीत. नियम एकच, कागदावर आहे तसं लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. भाऊसोंचं इंग्रजी बाजारात चाललं नसतं, पण रजिस्टरातलं चालतं. तसलेच रकाने त्यांनी नोकरीभर भरले होते.

उन्हाळ्यात एक गठ्ठा आला तो माणसांचा नव्हताच. एका जनावराला एक पान, वर रंग, उंची, अंगावरच्या खुणा, आणि खाली महिन्यामागून महिना, ठिकाण, तब्येत, ड्रायव्हरचं नाव, शेरा. काम बघणाऱ्या संयोगिताचा लगेच फोन आला.

“काका, ती पानं चुकून आलीत, सोडून द्या. पावसाळ्याआधी काम संपवायचंय, अजून माणसांचीच नावं राहिलीत. लोक येऊन बसतात हो इथं, आमच्या पणजोबाचं काही सापडलं का म्हणून.”

“बरं ताई,” भाऊसो म्हणाले. आणि पानं सोडली नाहीत.

“खच्चराचं श्राद्ध घालताय काय?” धोंडुबाईनं विचारलं.

“बग तरी. डावा कान फाटल्याला. राखी रंग. शंभर वर्सं झाली, पर समोर हुबं ऱ्हातंय.”

राखी खच्चर इराकात, बसऱ्याच्या बंदरात उतरलं होतं. ड्रायव्हर मायाप्पा. पुढच्या महिन्यात मायाप्पा. त्याच्या पुढच्याही. कारकुनाचं अक्षर बदललं, शाई बदलली, नदी मागं पडली, गावांची अरबी नावं बदलत गेली, आणि त्या रकान्यात तेच नाव खाली उतरत राहिलं, विहिरीच्या पायऱ्यांसारखं. भाऊसोंनी बोट स्क्रीनवरच ठेवलं. एकाच जनावराशी इतके महिने म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. त्याच्या पोटाला पाठ लावून झोपायचं. त्याचा दाणा आधी, आपली रोटी मग. त्याच्या कानांवरून पुढचा धोका ओळखायचा.

मग एका ओळीत दुसरं नाव आलं. मायाप्पाबद्दल अवाक्षर नाही.

शेऱ्यात होतं, ओझं घेत नाही, दाणा घेत नाही. त्याखाली, जुन्या ड्रायव्हरचं कांबळं पाठीवर टाकल्यावर चालू लागलं.

भाऊसोंनी ते टाइप केलं आणि टॅब खाटेवर पालथा ठेवला. माळावर ऊन इतकं स्वच्छ होतं की दूरची शेळी हातावर घ्यावी अशी दिसत होती. मग त्यांनी धोंडुबाईला ते मराठीत सांगितलं.

“बदली झाली आसंल,” ते म्हणाले. “न्हाईतर दवाखान्यात.”

“कुठला म्हनायचा ह्यो?”

“नावावनं तर आपल्या धनगरांतला वाटतोय.”

धोंडुबाई वाकळेला टाके घालत होती. सुई थांबली. “मग कांबळं सोडून कुठं जातोय त्यो? बदलीला जाताना तुमी सोडलं हुतं व्हय?”

भाऊसोंनी पालथा टॅब उलटून तो शेरा पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साताऱ्याला फोन लावला. संयोगिता आधी थोडी रागावली, मग तिनं भरतीची यादी शोधली. मायाप्पा तिथं होता. गाव आटपाडीजवळचंच. पण पुढची पानं वाळवीनं खाल्ली होती. तो परत आला, मेला, पळाला, कुठंच नव्हतं. त्याच्या नावासमोर ‘माहिती नाही’ असंच छापलं जाणार होतं.

“काका, मला पटतंय तुमचं,” ती म्हणाली. “पण खच्चराच्या वागण्यावरून माणसाचं मरण कसं लिहू? नियम तुम्हालाही माहीत आहे.”

“मरान लिवू नगा.”

“मग?”

“कांबळं लिवा.”

पलीकडं कीबोर्डचा आवाज सुरू झाला.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “‘माहिती नाही’ काढते. त्याच्यासमोर खच्चराचा शेरा, जसाच्या तसा. आणि बाकीची जनावरंही उतरवा. बघू, काम कधी संपायचं ते संपेल.”

संध्याकाळी तिनं पाठवलेलं पान टॅबवर आलं. मायाप्पाचं नाव, गाव, भरतीचं साल. पुढं दोन ओळी, ओझ्याची आणि कांबळ्याची. भाऊसोंनी ते मोठ्यानं वाचलं. धोंडुबाईनं पदर डोक्यावर ओढून ऐकलं, मग उठून चुलीकडं गेली. थोड्या वेळानं हाक आली.

“पानी इसानलंय. आंगूळ करून घ्या.”

“सकाळी झाली की.”

“मानूस गेल्याचं कळल्यावर करत्यात न्हवं.”

“आगं, पर आपला कोन त्यो?”

“बातमी आपल्याच दारात आली न्हवं का,” ती म्हणाली. “उठा. तुमचं झालं की मी करती.”

भाऊसो उठले. खाटेच्या पायथ्याशी घडी घातलेलं त्यांचं कांबळं होतं. ते मागं न सोडता त्यांनी उचललं, झटकलं, आणि न्हाणीच्या दगडाजवळ, पाण्याचे शिंतोडे पोचणार नाहीत अशा बेतानं, ठेवलं.