म्हाताऱ्या घोड्याचं शेवटचं शिंगरू

आमच्या सासूबाईंना घोड्यांतलं काही कळत नाही, पण बाळंतपणातलं सगळं कळतं. त्यामुळे इथे बहारीनमध्ये सनदच्या पलीकडच्या तबेल्यात एक घोडी गाभण आहे म्हटल्यावर झिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज तिची चौकशी सुरू झाली. नीट खाते का, पाय सुजलेत का. एकदा तर त्यांनी डिंकाचे लाडू डब्यात भरून माझ्या हातात ठेवले.

"आई, ती घोडी आहे."

"मग? कंबर तिलाही असतेच की."

लाडू मी आणि तबेल्यातल्या माणसांनी खाल्ले.

मी जनावरांची डॉक्टर. नवरा मनामात बँकेत आहे. इथे आलो तेव्हा लोकांना वाटायचं, ही कुत्र्यामांजरांना इंजेक्शनं देत असेल. देत होतेही. पण घोडा हे माझं खरं काम, आणि ते मला चांगलं येतं. यात लाजायचं काय?

या घोडीच्या पोटात होतं ते साधंसुधं नव्हतं. आमच्या तबेल्यात एक म्हातारा वॉर्मब्लड स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, होता. वॉर्मब्लड म्हणजे युरोपातले ओझं ओढणारे दणकट घोडे आणि पळणारे चपळ घोडे यांचा पिढ्यान्‌पिढ्या मेळ घालून खेळासाठी घडवलेली जात. हा तरुणपणी तिकडे मोठमोठ्या मैदानांवर अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धा खेळला, आणि त्याहून मोठं नाव त्याने बाप म्हणून काढलं. त्याची मुलं, नातवंडं कुठल्या कुठल्या देशांत उड्या मारतात. टीव्हीवर अशी स्पर्धा लागली की मी आधी पुढचे पाय बघते. गुडघे थेट हनुवटीपर्यंत दुमडले की समजायचं, हा आमच्याच घरचा. नवरा म्हणतो, तू सासरच्या माणसांना एवढं ओळखत नाहीस.

वय झाल्यावर आमच्या मालकांनी त्याला इथे आणलं. मालकांना सगळे हाजी म्हणतात. तेव्हा लोक हसले होते. बहारीनमध्ये अस्सल अरबी घोडे असताना हा मिश्र रक्ताचा म्हातारा कशाला? हाजी म्हणाले, "नातीला उड्या शिकायच्यात, खलास." म्हणजे विषय संपला. त्याचं म्हातारपण मी काढलं. दात गेले तेव्हा भिजवलेला चारा हाताने भरवला. एवढा मानी घोडा, पण माझ्या हातचं खाताना मान खाली घालून उभा राहायचा. तो गेला त्या दिवशी मी घरी येऊन ढसाढसा रडले.

मागे राहिलं ते नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेलं त्याचं बीज. गावाकडे गाय भरवायला कांडी आणतात ना, तशाच कांड्या. आधी वापरल्या त्या वाया गेल्या. कधी घोडी गाभण राहिली नाही, कधी गर्भ टिकला नाही. शेवटी एकदाच भरवता येईल एवढ्या उरल्या. त्या मी वापरल्या, आणि घोडी राहिली. मग अकरा महिने माझा जीव टांगणीला. हे शिंगरू हातचं गेलं असतं तर त्या घोड्याचं आमच्याकडे काहीच उरलं नसतं.

सगळ्यांना नर हवा होता. जंपिंगचा कोच युरोपातून आलेला, तो तर उघडच बोलायचा: बापाचं नाव मुलगा चालवतो. नर एका मोसमात कितीतरी घोड्या गाभण करील, घोडी वर्षाला एकच शिंगरू देणार. हिशेब बरोबर होता. मलाही पटला होता, खोटं कशाला बोलू.

पहाटेची, फजरची अजान झाली आणि घोडी व्यायली. शिंगरू उठताना पडलं, पडल्यावर चिडलं, पुन्हा उठलं. शेपूट उचलून पाहिलं तर मादी. कोचने मागून डोकावून जिभेने 'च्‌' केलं आणि कॉफी आणायला निघून गेला. अस्सा राग आला मला! घोडी घामाने निथळतेय, शिंगरू धडधाकट आहे, आणि या बाबाला 'च्‌' सुचतंय. परत आल्यावरही मी त्याच्याशी बोलले नाही.

हाजी नमाज आटोपून आले. मी दारापर्यंत गेले आणि हळूच म्हटलं, "हाजी, लडकी हुई है."

त्यांनी घाबरून छातीवर हात ठेवला. "इतना आहिस्ता क्यूं बोलती, डॉक्टर? कोई मर गया?"

"नहीं, नहीं. दोनों अच्छे हैं."

"फिर?"

फिर काय? माझी लेक झाली तेव्हा लेबर रूमबाहेर येऊन नर्सबाईंनी नवऱ्याला नेमक्या याच आवाजात सांगितलं होतं. ती गोष्ट मी आजवर किती जणांना तावातावाने सांगितली असेल. आणि आता तोच आवाज माझ्या तोंडून निघाला होता.

हाजी आत गेले आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी गवतात बसले. शिंगराच्या कपाळावर हात ठेवून अल्हम्दुलिल्लाह म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. मग तोडक्यामोडक्या हिंदीत मला समजावलं, की आम्हा अरबांत घोड्याचं घराणं आईवरून सांगतात. नर लोकांच्या दारी वंश देतो, घोडी आपल्या अंगणात देते. या म्हाताऱ्याचं रक्त जगभर पोचलं, फक्त माझ्या घरी नव्हतं, ते आज आलं. मग त्यांनी मुहर्रकहून हलव्याचे डबे आणायला माणूस धाडला. कोचलाच धाडलं. मला फार बरं वाटलं.

घरी पोचले तेव्हा शाळेला सुट्टी असल्यामुळे लेक टेबलाशी चित्र काढत बसली होती. सासूबाई दारातच उभ्या.

"सुटली का?"

"सुटली. मादी झाली."

"असू दे, असू दे." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मनाने वाईट नाहीत हो त्या. माझ्या वेळीही असाच हात फिरवला होता. "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, मग झालं. पुढच्या वेळी होईल मुलगा."

लेकीची पेन्सिल थांबली. ती उत्तरं इंग्रजीत देते, पण मराठी तिला सगळं कळतं.

"पुढची वेळ नाहीये, आई," मी म्हटलं. "आणि असू दे कसलं? हवीच होती."