रिकाम्या घराचा रूम टोन

युनिटमध्ये आवाज टिपणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. प्रसंग संपला की तो ओरडायचा, "कुणी हलायचं नाही!" की सगळे पुतळ्यासारखे उभे. कुणी बोलत नसतानाही प्रत्येक खोलीला स्वतःचा आवाज असतो. तो अर्धं मिनिट टिपायचा आणि नंतर संवादांखाली अंथरायचा. त्याला रूम टोन म्हणतात.

चित्रपट छोटा, घरच्यासारख्या माणसांनी केलेला. दिग्दर्शिका कानसेनची बायको. गोष्ट मोडत चाललेल्या संसाराची. ती करता करता यांचाच संसार मोडीत निघाला. चित्रीकरण संपताच ती आईकडे गेली. आता बोलणं कामापुरतं.

त्या दुपारी स्टुडिओत दोघं भांडणाचा प्रसंग तपासत होती. पडद्यावरचं जोडपं गप्प झालं आणि तिने हात वर केला.

"थांबव. ही सेटवरची खोली नाही. हे आपलं घर आहे."

कानसेन चपापला. "तिथला टोन खराब झाला होता, म्हणून घरचा लावला. दृष्ट काढायला हवी तुझ्या कानांची."

"लाडीगोडी नको. आवाज वाढव."

फ्रिजची घरघर. नळाची टपटप. त्यामागे बाईचा श्वास. आत घेताना नाकात बारीक शिट्टी वाजणारा.

"तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी घेतला," तो म्हणाला. "घरात मी एकटाच होतो, शपथ. तरी हा श्वास तुझाच ना?"

ती ओशाळली. "माझाच. कपडे न्यायला आले होते, किल्लीने दार उघडून. तू हेडफोन लावून, डोळे मिटून, पाठमोरा उभा. समोर माइक. मी दारातच थिजले. सवय रे! रेकॉर्डिंग चालू असताना हलायचं कसं?"

"मग?"

"तू थांबेचनास. पाच मिनिटांनी चपला हातात घेऊन निघून गेले."

"मी ऐकलं होतं तेव्हाच. अगदी मानेमागे. म्हणून तर बंद केलं नाही. वळलो असतो आणि मागे कुणी नसतं तर?"

"वेडा आहेस." ती पहिल्यांदाच हसली. "किती वेळ चालू ठेवलंस?"

"चाळीस मिनिटं."

तिने स्वतःच रेकॉर्डिंग पुढे सरकवून पाहिलं. दहावं मिनिट. पंचविसावं. एकोणचाळिसावं. घरघर, टपटप, आणि तोच श्वास, तीच शिट्टी. फक्त माइकच्या आणखी जवळ.

तिचं हसू विरलं. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"त्या घरात आता तू एकट्याने झोपायचं नाहीस," ती म्हणाली. "मी येतेय."