मध्येच थांबणाऱ्यांचं काय करतात

मूत्रपिंडाच्या एका नव्या औषधाची चाचणी चालली होती, तीत मीही होते. डायलिसिस लागेपर्यंत माणसाचा किती काळ निघतो, एवढंच त्यांना बघायचं. त्यासाठी दर महिन्याला ओरत्तनाडुहून बसने तंजावूरला जाऊन रक्त देऊन यायचं. आता म्हणाल, बसून तर जायचं! पण ती बसची पायरी चढून बघा माझ्या वयात.

एका सकाळी वाटलं, पुरे झालं. सून कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. ती शेवग्याच्या शेंगा चिरत होती. तिला म्हटलं, "मी मध्येच सोडलं तर इतके दिवस गेले ते फुकट का गं?"

"फुकट कसे, अम्मा? तोवर तुम्हाला डायलिसिस लागलं नाही, हे कळलं ना. तेवढं धरतात. पुढचं ठाऊक नाही, इतकंच."

"बरं झालं. सांगते त्यांना, लेकीकडे कोइंबतूरला राहायला चालले."

"खरंच चाललात?"

"छे! तिसऱ्या दिवशी भांडण होतं आमचं."

तिने विळी बाजूला सारली. "मग तसं सांगू नका. गाव बदललं म्हणून गेलात, तर तुमचं पुढचं उरलेल्यांसारखंच होईल असं धरतात. पण त्रास वाढलेले एकेक उठून गेले, तर मागे बरे तेवढेच राहतात. औषध आहे त्याहून गुणाचं दिसतं, आणि तेच उद्या दुसऱ्याला देतात."

"म्हणजे मला बसमध्ये कोंबणारच तू."

"जाऊ नका हो! का जात नाही, ते तरी खरं सांगा."

मी लुगड्याचा काठ पायांवर ओढला. सूज परत आली होती, ती मी घरात कुणालाच सांगितली नव्हती. सांगितली की डायलिसिसचं बोलणं निघणार, आणि ते ऐकायचंही त्राण उरलं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाची तरी म्हातारी माझ्या थापेवर विसंबून ते औषध घेईल, हे काही मनातून जाईना.

दुपारी दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. "पाटी, या वेळी आला नाहीत?" आजीला पाटीच म्हणतात इथे.

"पाय सुजलेत गं. आडवं झालं की दम लागतो. म्हणून येत नाही."

"चाचणीचं राहू द्या, पाटी. पण डॉक्टरांना दाखवायला उद्या याच."

फोन ठेवला तर सून समोर उभी. खाली बसून तिने काठ वर सारला आणि घोट्यावर अंगठा दाबला. पडलेला खड्डा भरेचना.

"उद्या मी रजा घेते," ती म्हणाली.

मी नको म्हटलं नाही.