यकृताचं माप

महाडच्या एसटी स्टँडवर भेटलेल्या त्या म्हाताऱ्याची मिशी एवढी होती, की तिच्यावर चार कावळे ऐसपैस बसले असते. उजव्या बरगडीखाली हात असा धरलेला, जणू आत लपवलेली कोंबडी पळून जाईल.

"यकृताला जुनी सूज हाय," तो म्हणाला. "तुकडा काढून हितं तपासला, तवा दोन नंबर होती. तोच तुकडा पोरानं मुंबैला दावला, तर आठ. एवढी वाढली, आता औषध कशाला? चाललो घरी उमरठला."

मी यकृताची दुकानं चालवत असल्याच्या थाटात त्यानं पुढे केलेले दोन्ही रिपोर्ट वाचले.

"काका, काढलेला तुकडा बाटलीत बसून वाढत नाही. इथे चारपैकी दोन दिलेत, मुंबईत अठरापैकी आठ. मोजायच्या पद्धती दोन, सूज तीच."



"म्हंजे भात तेच. एकानं पायलीनं मोजलं, दुसऱ्यानं शेरानं."

"अगदी."

"पण भात कणगीत हायच ना, दादा?"

मी रिपोर्टांची घडी करून त्याच्या हाती दिली.

उमरठची गाडी लागली. मी विचारलं, "जागा धरू का?"

"नको," म्हणाला, आणि बरगडीवरचा हात तसाच ठेवून औषधाच्या दुकानाकडे चालू लागला.