पहिल्या स्वराआधीची जागा

डेल्माच्या मयताला उभी होते, तेव्हाही मला तिचा हेवा वाटत होता.

चर्च भरलं होतं. लोक बाहेर उन्हात उभे होते. मनात आलं, माझ्या वेळी एवढे येणार नाहीत.

आज वर्ष झालं.

आम्ही दोघी डिप्लोमाला एका वर्गात. इलेक्ट्रॉनिक्स. मार्क माझे जास्त असायचे. प्रॅक्टिकलला पार्टनर मात्र सगळ्यांना तीच हवी असायची.

तिचे पप्पा बोटीवर. परदेशातून गेमच्या ओरिजिनल सीडी आणायचे. त्यातला एक गेम माझ्याकडेही होता. स्टेशनबाहेर घेतलेला, पायरेटेड.

अख्खा गेम मी खेळून संपवला होता. मग एकदा तिच्या घरी बघितला, तेव्हा कळलं की त्याला संगीत आहे.

पायरेटेड सीडीत जागा वाचवायला संगीत काढून टाकायचे. मला वाटायचं, गेमच तसा शांत आहे.

"म्हणजे इतके दिवस मुका गेम खेळलीस?" ती हसत सुटली. आईलाही बोलावून सांगितलं.

मला ते संगीत हवं होतं. तिच्याकडे होतं त्याहून चांगलं हवं होतं.

सीडी मागून घरी आणली. स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर धरणारी मुलं वर्गात होती. मी सीडीवरचे आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवले. एकच ट्रॅक दोनदा काढला आणि दोन्ही फाइल्स ताडून बघितल्या. एका बिटचाही फरक नव्हता.

मग तिला माणिकपूरला आमच्या घरी बोलावलं आणि ऐकवलं. एका बाईचं गुणगुणणं, शब्द नाहीत.

मी कौतुकाची वाट बघत होते.

"सुरुवात कापलीस."

"काही कापलं नाही. दोन्ही फाइल्स सेम आहेत."

"मग दोन्हीकडे कापलीस. गायच्या आधी ती श्वास घेते. तो कुठाय?"

"तुला भास होतोय."

"पप्पांच्या ओरिजिनल सीडीला भास म्हणतेस? तुझी ती मुकी सीडी बघ आधी!"

मी शोधलं. ती चुकली आहे हे दाखवायलाच शोधलं.

दोन ट्रॅकच्या मध्ये थोडी जागा असते. सीडी सलग वाजवली की ती ऐकू येते. एकेक ट्रॅक वेगळा काढला की सॉफ्टवेअर ती आधीच्या ट्रॅकच्या शेवटी चिकटवतं.

श्वास तिथे होता. मागच्या गाण्याच्या शेपटाला.

दोन्ही फाइल्समध्ये एकच चूक होती, म्हणून त्या जुळत होत्या.

श्वास कापून मी त्याच्या जागेवर जोडला. तिला थँक्यू म्हटलं नाही. कॉम्प्युटर घेता येतो. तसा कान कुठे मिळत नाही, स्टेशनबाहेरही नाही.

पुढच्या रविवारी तिने ते गाणं कीबोर्डवर दोन्ही हातांनी वाजवलं. नोटेशन नाही, काही नाही. मी माइक लावून रेकॉर्ड केलं. तेवढंच मला करता येत होतं.

मग मी नोकरीला लागले, नायगावला राहायला गेले. ती चर्चच्या क्वायरला गाणी शिकवू लागली. गेल्या वर्षी कावीळ झाली आणि आठवड्याभरात ती गेली.

परवा तिच्या आईचा फोन आला.

"अनघा, तुज्याकडं तिचं गानं हाय ना? घेऊन ये."

घरी डेल्माही 'गानं'च म्हणायची. कॉलेजात आली की 'गाणं'.

आज चर्चमध्ये तिच्या वर्षाची मिसा झाल्यावर त्यांच्या घरी गेले. सीडी रायट करून नेली होती. आधी माझा ट्रॅक लावला, श्वास जोडलेला, निर्दोष.

"ही कोन?"

"आंटी, हे ओरिजिनल आहे. डेल्मा वाजवायची ते..."

"ही नको."

दुसरा ट्रॅक लावला. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ती.

"थांब गं अनघे, श्वास तर घेऊ दे!"

आणि श्वास. आणि गाणं.

ही सुरुवात मी कापलेली नव्हती. कापायची नाही, हे मला तिनेच शिकवलं होतं.

गाणं सुरू झालं आणि आंटींनी बटण दाबून ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. खुर्ची. डेल्मा. श्वास. परत मागे. गाणं त्यांनी एकदाही पुढे जाऊ दिलं नाही.

मग माझ्याकडे बघितलं.

"तुजं नाव हाय तिच्या तोंडात. माजं नाय."

तो चेहरा मला ओळखता आला. इतकी वर्षं तो माझा होता.

सीडी तिथेच ठेवून निघाले. जिना उतरताना वरून पुन्हा माझंच नाव ऐकू येत होतं.

डेल्मा, भावपूर्ण वगैरे मला जमत नाही, तुला माहीत आहे. अजूनही जळते तुझ्यावर.

घे श्वास. थांबलेय मी.