बाबांचं प्रवाळ अजून माझ्याकडेच आहे

"मी नागपुरात बसून समुद्र मारला."

हे माझ्या बाबांचं वाक्य. आज त्यांची पुण्यतिथी.

बाबा सरकारी लॅबमध्ये केमिस्ट. सक्करदऱ्याहून सायकलने जायचे.
सत्तरच्या दशकात सिमेंटसाठी गुजरातच्या किनाऱ्यावरून पांढऱ्या वाळूच्या थैल्या तपासायला यायच्या. बाबा त्या वाळूवर ॲसिड टाकायचे. जोरात फसफसलं की चुना भरपूर, माल चांगला. मग रिपोर्टवर ठरलेला शेरा, "काढण्यास हरकत नाही."

एकदा थैलीत फांदीसारखा पांढरा तुकडा निघाला. तो त्यांनी शोकेसमध्ये ठेवला. आई दिवाळीला ब्रशने घासायची.

पुढे ती वाळू ज्यातून काढत, ते प्रवाळ वाचवायचं सरकारच्या मनात आलं. पाहणीला जुने रिपोर्ट घेऊन बाबांना पाठवलं. पन्नाशीतला माणूस पहिल्यांदा समुद्र बघणार म्हणून आईने चिवडा बांधून दिला.

परत आले, ताटावर बसले, पण घास घेईनात.

"काहून जेवून नाही राहिले?" आईने विचारलं.

"ती नुसती वाळू नव्हती वं. जिवंत होतं सारं, रंगीबेरंगी. अन् मी हरकत नाही, हरकत नाही लिहून राहिलो होतो."

"तुम्हाले कोणी सांगितलं होतं का?"

"मी तरी कोणाले विचारलं होतं?"

त्यानंतर कुणी सोड्याची बाटली फोडली तरी बाबा उठून बाहेर जायचे. ते फसफसणं त्यांना ऐकवत नसे. आम्ही हसायचो. मीही हसले आहे, त्याची लाज अजून वाटते.

सरकारने तो पट्टा राखीव केला. दोनच वर्षांत बाबा गेले. जाताना म्हणाले, "पोरी, तो तुकडा तिथंच नेऊन टाक. माह्या राखेसंग."

मी गेले. किनाऱ्यावर गार्डने अडवलं.

"बहनजी, यहाँ कुछ नहीं डाल सकते. सरकारी हुकुम है."

मी भांडले, रडले. माझा बाप गेलाय म्हटलं. त्याने हात जोडले, पण वाट काही सोडली नाही.

परतीच्या गाडीत सुचलं, बाबांना हाच माणूस हवा होता. दहा वर्षं आधी.

राख रामटेकला अंबाळा तलावात सोडली. तुकडा माझ्या कपाटात आहे. तो मी कधी घासत नाही.

बाबा, तुमचं शेवटचं काम माझ्याकडून राहिलं. त्या गार्डने हरकत घेतली.
तुम्ही रागावला नसता, ठाऊक आहे.
तरी माफ करा. भरल्या डोळ्यांनी नमस्कार.